बाटलीत काय आहे? पेटंट औषधांची गोष्ट

आजचा भाग थेट एका बाटलीच्या लेबलपासून सुरू करू.

लेबल सांगतं: बाळ एक महिन्याच्या आतलं असेल तर सहा ते दहा थेंब. तीन महिन्यांचं असेल तर अर्धा चमचा. सहा महिने आणि त्यापुढे एक चमचा, दिवसातून तीन-चार वेळा. औषधाचं नाव ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’, म्हणजे विन्स्लो बाईंचं बाळाला शांत करणारं सिरप. किंमत २५ सेंट. बाळाला दात येतायत, हगवण लागली आहे, रात्रभर रडून घर डोक्यावर घेतलंय? एक चमचा पाजा, बाळ झोपेल, आईलाही डोळा लागेल.

एक गोष्ट मात्र लेबलवर नव्हती. या सिरपच्या एका औंसात सुमारे ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन होतं. मॉर्फिन म्हणजे अफूतला सगळ्यात जोरकस घटक.

आता साधं त्रैराशिक मांडू. एक औंस म्हणजे जवळपास ३० मिलिलिटर. चमचा ५ मिलिलिटरचा धरा. एका चमच्यात साधारण ११ मिलिग्रॅम मॉर्फिन आलं. आज कॅन्सरच्या वेदनांसाठी मोठ्या माणसाला तोंडावाटे मॉर्फिन सुरू करतात तेव्हा एका वेळचा डोस ५ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तोही डॉक्टरच्या देखरेखीखाली. इथे सहा महिन्यांच्या बाळाला तेवढाच डोस, दिवसातून तीन-चार वेळा, आणि देणारी आई. तिला बिचारीला कल्पनाही नाही की आपण काय देतोय.

काही बाळं त्या झोपेतून उठलीच नाहीत. मॉर्फिन जास्त झालं की श्वास मंदावत जातो आणि थांबतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बाळ गाढ झोपलंय.

हे सिरप काही कुठल्या गल्लीत चोरून विकलं जात नव्हतं. १८४९ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात, बँगोर नावाच्या गावात, जेरेमाया कर्टिस आणि बेंजामिन पर्किन्स या दोघांनी ते बाजारात आणलं. मिसेस शार्लट विन्स्लो ही कर्टिसची सासू. लहान मुलांचा सांभाळ करण्याचा दांडगा अनुभव असलेली नर्स, अशी तिची जाहिरातीतली ओळख. जावयाने सासूच्या नावावर ब्रँड उभा केला आणि तो तुफान चालला. १८६८ च्या एका कोर्टाच्या कागदपत्रांत खुद्द कर्टिसने सांगितलंय की वर्षाला १५ लाखांहून जास्त बाटल्या जातात. कंपनी रंगीत कार्डं छापायची, कॅलेंडरं वाटायची, घरगुती पाककृतींची पुस्तकं फुकट द्यायची. गुबगुबीत बाळं, हसरी आई, उबदार खोली. इंग्लंडमध्ये एडवर्ड एल्गार नावाचा एक तरुण संगीतकार होता, पुढे फार मोठा झाला. त्याने १८७० च्या दशकाच्या शेवटी सुषिर वाद्यांसाठी एक संथ, गोड रचना केली आणि तिला गमतीने याच सिरपचं नाव दिलं. म्हणजे ब्रँड किती घरोघरी पोचला होता बघा, नुसतं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला झोप येणार हे कळायचं.

आता प्रश्न असा की हे सगळे लोक मूर्ख होते का? इतिहासाचे बरेच व्हिडिओ इथेच हसून पुढे जातात, ‘बघा, काय काय विकत घ्यायचे लोक!’ मला ते पटत नाही. कारण सिरप काम करायचं, हो! अफूने पोटाची हालचाल मंदावते, त्यामुळे हगवण खरंच थांबते. वेदना खरंच कमी होते. बाळ खरंच झोपतं. ज्या आयांनी कंपनीला कौतुकाची पत्रं लिहिली त्या सगळ्या खोटं लिहीत नव्हत्या. आजच्या भाषेत रिव्ह्यू अस्सल होते. ज्या बाळाचं काही बरंवाईट झालं, त्याच्या आईला मात्र वाटायचं की बाळ आजाराने गेलं. तिच्याकडून पत्र जाणार कशाला? आणि गेलं असतं तरी कंपनीने छापलं असतं का?

शिवाय दुसरा पर्याय काय होता तेही बघायला हवं. १७९९ च्या डिसेंबरमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला. देशातला सगळ्यात मोठा माणूस, डॉक्टर हाताशी. त्यांनी काही तासांत पुन्हा पुन्हा त्याच्या शरीरातून रक्त काढलं आणि रात्री तो गेला. रक्त काढणं हा तेव्हा प्रमाण उपचार होता. दुसरा प्रमाण उपचार म्हणजे कॅलोमेल, पाऱ्याचं संयुग. ते घेतलं की तोंडातून लाळ गळायची, हिरड्या सडायच्या, दात पडायचे. अमेरिकन यादवी युद्धात, १८६३ मध्ये, लष्कराचा मुख्य वैद्यकीय अधिकारी विल्यम हॅमंड याने कॅलोमेल लष्करी औषधांच्या यादीतून काढून टाकलं, तर डॉक्टरच त्याच्यावर उलटले. १८६० मध्ये हार्वर्डचे एक नामवंत डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स भाषणात म्हणाले होते की सध्याची जवळपास सगळी औषधं समुद्रात बुडवली तर माणसांचं भलं होईल, माशांचं तेवढं वाईट होईल. गंमत म्हणजे जी थोडी औषधं त्यांनी यातून वगळली त्यात अफू होती. हे होम्स आडनाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

म्हणजे एका बाजूला रक्त काढणारा, पारा देणारा, फी घेणारा डॉक्टर. दुसऱ्या बाजूला एका आजीचं नाव असलेली २५ सेंटची गोड बाटली. तुम्ही काय घेतलं असतं?

आणि ज्या बाईला दिवसभर कारखान्यात उभं राहायचंय तिचं काय? इंग्लंडच्या गिरण्यांच्या गावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं अफूचं गोड पाणी याच कारणासाठी खपायचं. बाळ दिवसभर कुणा म्हातारीकडे किंवा मोठ्या बहिणीकडे, ते निपचित पडून राहिलं तरच काम जमणार. हे वाचून आपण नाक मुरडायच्या आधी आपल्या मुंबईकडे बघू. इथेही बाळांना अफूची गोळी देण्याची चाल होती, ‘बाळगोळी’ म्हणायचे तिला. घरी उगाळून देतात त्या बाळगुटीपेक्षा ही गोष्ट वेगळी, घोटाळा करू नका. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये अफूवर एक शाही आयोग नेमला, त्याच्यासमोर लहान मुलांना अफू देण्याबद्दल साक्षी झाल्या. गिरणीत जाणाऱ्या बायकांची अडचण मँचेस्टरमध्ये आणि परळमध्ये तीच होती. एक फरक मात्र होता. बाळगोळी देणाऱ्या आईला आपण अफू देतोय हे माहीत असायचं. त्यामुळे ती निदान हात राखून देऊ शकत होती. मिसेस विन्स्लोच्या गिऱ्हाइकाला तेवढीही सोय नव्हती.

आता या सगळ्याला ‘पेटंट औषध’ का म्हणायचे ते सांगतो, कारण त्यातच खरी मेख आहे.

इंग्लंडचा राजा पूर्वी काही खास लोकांना सनद द्यायचा, अमुक वस्तू विकायचा हक्क फक्त यांचा. त्या सनदेला पेटंट म्हणायचे. १७१२ मध्ये रिचर्ड स्टॉटन नावाच्या माणसाला त्याच्या एलिक्सिरसाठी असं पेटंट मिळालं. राजाची मोहर म्हणजे केवढा भाव! मग ‘पेटंट’ हा शब्दच औषधाला चिकटला. पण पेटंटची अट काय असते? मक्तेदारी हवी तर कृती उघड करा. ठरावीक वर्षं संपली की कुणीही बनवू शकतो. औषधवाल्यांनी याचा विचार केला आणि बहुतेकांनी पेटंट घेतलंच नाही. घटक गुपित ठेवायचे आणि नाव, लेबल, बाटलीचा आकार यांचा ट्रेडमार्क घ्यायचा. ट्रेडमार्क चालवत राहिलात तर संपत नाही. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक पेटंट औषधांना पेटंट नव्हतं. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्सचं नाव लावून क्लोज्ड सोर्स विकत होते.

आणि हे गुपित राखणं हाच मुख्य धंदा होता. कारण आत काय होतं ते कळलं तर पैसे कोण देणार? इंग्लंडच्या बीचम्स पिल्सचं उदाहरण घ्या. थॉमस बीचम या माणसाने १८४० च्या दशकात या गोळ्या विकायला सुरुवात केली. घोषवाक्य असं की डबी एका गिनीच्या, म्हणजे २१ शिलिंगच्या मोलाची आहे. विकायची एक शिलिंग दीड पेन्सला. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचं रासायनिक पृथक्करण करून पुस्तक छापलं. बीचमच्या गोळीत निघालं काय? कोरफडीचा सुकवलेला रस, म्हणजे आपला काळा बोळ. सुंठ. आणि साबण. बस्स. ५६ गोळ्यांचा कच्चा माल अर्ध्या फार्दिंगचा, फार्दिंग म्हणजे पाव पेनी. हे मार्जिन बघून आजच्या स्टार्टअपवाल्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. निदान हे रेचक होतं, पोट साफ व्हायचं, कुणी मरत नव्हतं. पण मुंबईतल्या कुठल्याही काष्ठौषधीवाल्याने हा माल चार पैशांत पुडीत बांधून दिला असता.

इंग्लंडमध्ये आणखी एक गंमत होती. १७८३ पासून तिथे अशा औषधांवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून डबीवर सरकारी तिकीट चिकटवावं लागायचं. ते तिकीट म्हणजे निव्वळ कराची पावती. पण गिऱ्हाइकाला दिसायचं सरकारी चिन्ह. अनेकांना वाटायचं की सरकारने हे औषध तपासून पास केलंय. विक्रेत्यांनी तो गैरसमज दूर करायची घाई कधीच केली नाही. आपल्याकडेही हे साहेबी ब्रँड यायचेच. क्लोरोडाइन तर एका लष्करी डॉक्टरचंच. जॉन कॉलिस ब्राउन, भारतात नोकरीला होता, १८४८ मध्ये पटकीवर उतारा म्हणून त्याने ते काढलं. आत अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. तिन्ही एकदम! आराम पडला नसता तरच नवल.

सगळीच बायका-मुलांची औषधं होती असं नाही, पण धंद्याची सगळ्यात मोठी आणि विश्वासू गिऱ्हाइकं बायकाच होत्या. आणि त्यांच्या जगातला सगळ्यात मोठा चेहरा म्हणजे लिडिया पिंकहॅम.

लिडियाबाई मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लिन गावच्या. १८७३ च्या मंदीत नवऱ्याचा जमिनीचा धंदा बुडाला. घरी चुलीवर त्या जडीबुटीचा एक काढा करून शेजारणींना द्यायच्या, बायकांच्या दुखण्यांवर. १८७५ मध्ये मुलांनी तो विकायला काढला, ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ या नावाने. काही अमेरिकन मुळ्या आणि, ऐका, मेथीदाणे! आणि हे टिकावं म्हणून १८ ते २० टक्के अल्कोहोल. साध्या वाइनपेक्षा जास्त. १८७९ पासून जाहिरातीत लिडियाबाईंचा स्वतःचा फोटो यायला लागला, पांढरी कॉलर, शांत चेहरा, कुणाचीही आजी वाटेल असा. आणि खाली लिहिलेलं असायचं की तुमची अडचण मिसेस पिंकहॅमना पत्राने कळवा, इथे पुरुष पत्र वाचत नाहीत.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळात पाळीच्या त्रासाबद्दल, गर्भपिशवीबद्दल बाईने बोलायचं कुणाशी? पुरुष डॉक्टरशी बोलायची लाज, आणि बोललंच तर? १८७२ मध्ये जॉर्जियाच्या रॉबर्ट बॅटी या सर्जनने बायकांचे चांगले, धडधाकट बीजकोश काढून टाकायची शस्त्रक्रिया सुरू केली, पाळीचा आणि ‘नर्व्हस’ त्रास थांबवायला म्हणून. या शस्त्रक्रियेत बायका दगावायच्या. अशा वेळी एक डॉलरची बाटली आणि ‘मला लिही, मी वाचते’ म्हणणारी एक बाई. हजारो जणींनी लिहिलं. उत्तरंही यायची, आणि त्या उत्तरांत काढ्याची शिफारस असली तरी व्यायाम करा, स्वच्छता पाळा, नीट खा असले सल्लेही असायचे.

अडचण एवढीच की लिडियाबाई १८८३ मध्ये वारल्या. जाहिराती चालूच राहिल्या, फोटो तोच, ‘मिसेस पिंकहॅमना लिहा’ तेच. बायका लिहीत राहिल्या, उत्तरं येत राहिली. २२ वर्षं! १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाचा संपादक एडवर्ड बॉक याने लिनच्या दफनभूमीत जाऊन मिळवलेला लिडियाबाईंच्या थडग्याचा फोटो छापला, मृत्यूच्या तारखेसकट. कंपनीचं म्हणणं असं की मिसेस पिंकहॅम म्हणजे आता लिडियाबाईंची सून, तीही मिसेस पिंकहॅमच की. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. कितीतरी नियम-अटी आपण आजही असेच ‘तांत्रिकदृष्ट्या बरोबर’ वाचून सोडून देतो.

याच बॉकची दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्याने १९०४ मध्ये डॉक्टर पियर्स यांच्या एका औषधात अफू आणि अल्कोहोल असल्याचं छापलं. त्याचा आधार होता एक जुनं पृथक्करण. पियर्सने कोर्टात खेचलं, औषधात ते पदार्थ सापडले नाहीत, मासिकाला माफी छापावी लागली आणि १६ हजार डॉलर भरपाई. म्हणजे लेबल कोरं असलं की नुकसान फक्त गिऱ्हाइकाचं होत नाही. टीका करणाऱ्यालाही अंधारात दगड मारावा लागतो, आणि तो चुकला की विकणारा साजूक ठरतो.

मग वर्तमानपत्रं काय करत होती? उत्तर सोपं आहे, जाहिराती छापत होती. पेटंट औषधं हा अमेरिकन वर्तमानपत्रांच्या सगळ्यात मोठ्या जाहिरातदारांपैकी एक. औषधवाल्यांची एक संघटना होती, प्रोप्रायटरी असोसिएशन. फ्रँक चेनी या तिच्या पुढाऱ्याने जाहिरातीच्या करारात एक कलम घालायची शक्कल काढली. कलम असं की या राज्यात पेटंट औषधांच्या विरोधात कायदा झाला तर हा जाहिरातीचा करार रद्द. कळलं का? संपादकाला कुणी लाच देत नाही, धमकीही देत नाही. पण घटक छापायला लावणारं विधेयक विधानसभेत आलं की आपल्या पेपरचं उत्पन्न बुडणार हे त्याला आपोआप समजतं. मग तो स्वतःच आमदाराला फोन करतो, किंवा त्या विधेयकाची बातमी छापत नाही. १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये मार्क सुलिव्हन याने ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात हे प्रकरण बाहेर काढलं. इतकं स्वच्छ डिझाइन मी क्वचित पाहिलंय. कुणाला काही करायला सांगावंच लागत नाही.

त्याच साप्ताहिकात आदल्या महिन्यात, ७ ऑक्टोबर १९०५ ला, सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराची लेखमाला सुरू झाली होती. ॲडम्सने बाटल्या विकत घेतल्या, प्रयोगशाळेत तपासून घेतल्या आणि आकडे छापले. पेरुना नावाचं प्रचंड खपाचं ‘सर्दीचं’ टॉनिक होतं, त्यात सुमारे २८ टक्के अल्कोहोल. दारूला हात न लावण्याची शपथ घेतलेली सज्जन माणसं जेवणाआधी ते चमच्याने घ्यायची आणि तरतरी आली म्हणून देवाचे आभार मानायची. त्याच वर्षी अमेरिकन सरकारच्या आदिवासी खात्याने आदिवासींच्या वस्त्यांत पेरुना विकायला बंदी घातली, कारण तिथे लोक ते सरळ दारू म्हणूनच पीत होते. मला वाटतं, फसले नव्हते ते एवढेच!

सरकारात हार्वे वायली नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ कित्येक वर्षं खाद्यपदार्थांतल्या भेसळीवर डोकं फोडत होता. त्याच सुमारास अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीने मांसाच्या कारखान्यांची घाण लोकांसमोर आणली. सगळं एकत्र आलं आणि ३० जून १९०६ ला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी शुद्ध अन्न आणि औषध कायद्यावर सही केली.

आता नीट ऐका, कायद्याने काय केलं. मॉर्फिनवर बंदी घातली नाही. अल्कोहोलवर नाही, कोकेनवरही नाही. औषध गुणकारी असल्याचा पुरावा द्या असंही म्हटलं नाही. फक्त एवढं म्हटलं की अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन, क्लोरोफॉर्म, भांग अशा अकरा पदार्थांपैकी काही आत असेल तर ते आणि त्याचं प्रमाण लेबलवर लिहा. बस्स, लिहा.

आणि एवढ्याने मिसेस विन्स्लोचं कंबरडं मोडायला सुरुवात झाली. कारण ‘मॉर्फिन’ हा शब्द आईला कळत होता. तो बाटलीवर छापलेला असताना बाळाच्या तोंडात चमचा घालणं अवघड होतं. १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या सिरपची गणना ‘बालघातक’ औषधांत केली. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत सिरपमधून मॉर्फिन गेलं, आणि नावातून ‘सूदिंग’ हा शब्दही गेला. मॉर्फिन काढल्यावर शांत करणार कशाने?

पण धंदेवाले गप्प बसणारे नव्हते. कायद्यात एक सोय होती, उत्पादकाने ‘आमचा माल कायद्याप्रमाणे आहे’ अशी हमी सरकारकडे नोंदवायची. लगेच बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत यायला लागलं, ‘३० जून १९०६ च्या अन्न व औषध कायद्यान्वये हमी’. वाचणाऱ्याला वाटायचं, हमी सरकारने दिली आहे. इंग्लंडच्या कराच्या तिकिटाचीच अमेरिकन आवृत्ती!

आणि दुसरी पळवाट तर सर्वोच्च न्यायालयातूनच निघाली. कॅन्सस सिटीचा जॉन्सन नावाचा एक जण कॅन्सर बरा करणारी औषधं विकत होता. सरकारने खटला भरला की लेबल खोटं आहे. १९११ मध्ये निकाल लागला. बहुमताने न्यायाधीश होम्स यांनी लिहिलं की कायदा औषधात काय आहे याबद्दलच्या खोट्या विधानांना लागू होतो, ते बरं करतं की नाही या दाव्यांना नाही. हे होम्स म्हणजे समुद्रात औषधं बुडवा म्हणणाऱ्या डॉक्टर होम्सचे चिरंजीव. बाप म्हणाला औषधं निरुपयोगी आहेत, मुलगा म्हणाला, असतील, पण कायद्यात तसं लिहिलेलं नाही. १९१२ मध्ये शर्ली दुरुस्ती आली, खोट्या गुणांच्या दाव्यावर बंदी आली, पण फसवण्याचा हेतू होता हे सरकारने सिद्ध करायचं. विकणारा म्हणाला, ‘माझा मनापासून विश्वास होता’, की झालं.

क्लार्क स्टॅन्लीची गोष्ट यातच बसते. ‘रॅटलस्नेक किंग’ म्हणवून घेणारा हा माणूस १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सापाचं तेल विकत होता. इंग्रजीत थापाड्या मालाला ‘स्नेक ऑइल’ म्हणतात, त्या शब्दाला बदनाम करण्यात याचा मोठा हात. सरकारने अखेर तेल तपासलं. खनिज तेल, थोडी चरबी, मिरची. सापाचा पत्ताच नाही. दंड झाला २० डॉलर.

आता इंग्लंडचं काय झालं ते सांगून थांबतो, कारण ते मला सगळ्यात जास्त सलतं. बीचमचा साबण आणि सुंठ उघडी पडल्यावर तिथल्या संसदेनेही समिती बसवली. दोन वर्षं साक्षी झाल्या, जाडजूड अहवाल तयार झाला, पेटंट औषधांवर नियंत्रण आणायच्या शिफारशी झाल्या. अहवाल प्रसिद्ध झाला ४ ऑगस्ट १९१४ ला. त्याच दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. अहवाल कुणी वाचलाच नाही. मिसेस विन्स्लोचं सिरप तिथे १९३० पर्यंत दुकानात होतं. डबीवर आतले घटक छापायची सक्ती झाली १९४१ मध्ये, म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असताना. आणि त्याच कायद्याने १७८३ पासून चाललेलं ते कराचं तिकीटही बंद झालं.

अमेरिकेतली पुढची पायरी, ‘विकण्याआधी सुरक्षित आहे हे दाखवा’, ही १९३८ मध्ये आली. त्याआधी १९३७ मध्ये एका गोड सिरपने शंभराहून जास्त माणसं मारली होती, त्यात पुष्कळ मुलं होती. त्या सिरपचं नाव एलिक्सिर सल्फानिलमाइड. पुढचा भाग त्याच्यावर.